खिळ्यावरची बिजागरी

गल्लीत प्रत्येक दुकानाच्या चौकटीवर एक खिळा होता. पाटी नसली तरी चालायचं, दाराला धड कडी नसली तरी चालायचं, पण खिळा हवाच. त्या खिळ्यावर फसलेलं काम टांगायचं. दिवसभर मान मोडून केलेला आणि शेवटी तुटलेला, वाकलेला किंवा नुसताच नाठाळ निघालेला जो काही तुकडा असेल तो तारेत ओवून बाहेर लटकवायचा आणि आपण आत जाऊन बसायचं. कुणाला हाक मारायची नाही, कुणाला काही विचारायचं नाही. गल्ली एवढी अरुंद, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी दुकानात शिरावं लागे. पाण्याचा नळ एकच, तोही पार टोकाला. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ अख्खी गल्ली अख्ख्या गल्लीच्या दारांवरून बादली घेऊन जायची. जाता जाता नजर खिळ्याकडे जायचीच. ज्याला काही सुचलं तो पाय न थांबवता एक वाक्य टाकायचा आणि पुढे व्हायचा. ते वाक्य बहुतेक वेळा खवचट असे. पण त्यात अक्कल असे, आणि ती घरबसल्या मिळे.

या प्रकाराला नियम होते आणि ते कुणी सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या खिळ्यापाशी रेंगाळायचं नाही, हा एक. आणि दुसरा त्याहून कडक, की मुद्दाम जायचं नाही. वाटेत दिसलं ते सगळ्यांचं. वाट वाकडी करून पाहिलं तर ती चोरी. हातोड्यांचे दांडे करणारा एक जण एकदा रिकाम्या हातानं, बादलीबिदली न घेता, दुसऱ्याच्या दारावरून दोनदा गेला. बस, तेवढंच. तो मरेपर्यंत खिळेचोर म्हणूनच ओळखला गेला. त्याच्या मयतीला आलेले बाहेरगावचे पाहुणेही हेच नाव ऐकून परत गेले.

अशा या गल्लीत गुडघेवाला राहत होता.

तो मुळात पेट्यांच्या कड्याकोयंडे करणारा. बायको लवकर गेलेली, घरात एकुलती एक लेक. ती लहान असताना मालगाडीच्या डब्यांखाली सापडली आणि तिचा डावा पाय मांडीच्या मध्यावर कापावा लागला. दवाखान्यानं लाकडाचा एक सरळसोट पाय दिला. पोर तेव्हाही जिभेची तिखट. म्हणाली, "हा टेबलाचा पाय आहे. मला टेबल नाही व्हायचं." बापानं तो पाय उचलला, दुकानात नेला, मधोमध करवत चालवली आणि त्यात आयुष्यातला पहिला गुडघा बसवला. तो गुडघा इतका वाईट होता की पोर चालायला लागली की कुणी जुनं कपाट उघडतंय असं वाटे. पण तो वाकत होता. मग दुसरा केला, तिसरा केला. मग आजूबाजूच्या गावांतून ज्यांचे पाय गेले होते ती माणसं येऊ लागली आणि कड्याकोयंड्यांचं दुकान कधी गुडघ्यांचं झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

आता हे सगळं त्यानं एकट्यानं केलं असं म्हणायला तोही धजायचा नाही. पाय मांडीला बांधणारा पट्टा महिन्याभरात सैल पडायचा. त्यानं तो खिळ्यावर टांगला. समोरची पट्टेवाली मावशी, कातडी पट्टे कापून कापून जिच्या अंगठ्याला घट्टे पडले होते, बादली हिंदकळवत जाताना म्हणाली, "पोटाचं कातडं घेतलंयस. पोट ताणणारच, माझंच बघ. पाठीचं घे." झालं, पट्टा पुन्हा सैल झाला नाही. सांध्याची आस, म्हणजे ज्या सळईवर तो फिरतो ती, दर उन्हाळ्यात झिजायची. तीही टांगली. नळाच्या उलट टोकाला घडीच्या खुर्च्या करणारा एक होता, त्याला सगळे घडीच म्हणत. तो जाता जाता म्हणाला, "लोखंडाला लोखंड जोडलंस. भाऊबंद ते, एकमेकांना खाणारच. मधे पितळेची कडी घाल." गुडघेवाल्यानं आतूनच शिवी हासडली, कारण आभार मानायची तिथे तीच रीत होती, आणि पितळेची कडी घातली.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि या माणसाच्या जिवाला तीच लागून होती. सपाट जमिनीवर त्याचा गुडघा झकास चाले. जिना उतरताना मात्र वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचं सगळं वजन येतं, आणि नेमका तेव्हाच तो कागदासारखा दुमडे. वजन आलं की सांध्यानं धरून ठेवावं आणि वजन उचललं की मोकळं सोडावं, एवढंच हवं होतं. सांगायला एका वाक्याचं काम. ते करण्यात त्याचे केस पिकले.

लेक मोठी झाली, एका शाळेत चित्रकलेची बाई झाली. आणि चित्रकलेचा वर्ग जगात कुठेही गेलात तरी सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणे तिथे उजेड चांगला. ती जिना चढायची सरळ आणि उतरायची उलटी, तोंड वर करून, कठडा दोन्ही हातांनी धरून. मुलांना वाटे हा बाईंचा खास मान आहे; काही जणी तशाच उतरायच्या आणि मुख्याध्यापकांची बोलणी खायच्या. कुणी विचारलंच तर ती सांगायची की मी उतरत नाही, वर गेलेली असते ते मागे घेते. बाप हसायचा नाही. तो एकदाच तिला म्हणाला होता, "तुला जिन्यावरून सरळ उतरवीन. मग मेलो तरी चालेल." ती म्हणाली, "आधी उतरवा. मरायचं मग बघू."

तर एवढं काम बाकी होतं, आणि शहरानं गल्ली उठवली.

राग काढायला इथे एक सोपं गिऱ्हाईक मिळतं ते म्हणजे नगररचनेच्या बाई. पण त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. त्या स्वतः दुकानादुकानात फिरल्या, मोडक्या स्टुलांवर बसल्या, कळकट कपांतून चहा प्यायल्या आणि प्रत्येकाला विचारलं, की बाबांनो, त्रास काय काय आहे? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं: पाणी लांब, जागा कमी, धूर फार. खिळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सोयी सांगताना खिळा कोण सांगेल? बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि सगळं करूनही दाखवलं. अशी माणसं विरळा, आणि ती आमच्याच वाट्याला आली.

शहराबाहेरच्या माळावर नवी वसाहत उभी राहिली. रस्ते असे रुंद, की पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येऊ नये. प्रत्येकाला स्वतंत्र शेड, शेडभोवती भिंत, भिंतीला लोखंडी फाटक आणि आत स्वतःचा नळ. धातुकाम एका भागात, लाकूड-फर्निचर मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि कातडं वासामुळे पार नाल्याच्या कडेला. पहिल्या दिवशी गुडघेवाल्यानं नळ सोडला आणि धार बघत बराच वेळ उभा राहिला. लेक म्हणाली, "बाबा, बंद करा आता, तो पळून जाणार नाही." त्या दिवशी सगळी वसाहत खूश होती. खोटं कशाला बोला, तोही होता.

नव्या फाटकाच्या चौकटीत त्यानं पहिल्याच आठवड्यात भोक पाडून एक खिळा बसवला. नव्या गुडघ्यात त्यानं कातड्याचा एक पट्टा घातला होता. वजन आलं की एक दांडी खाली दबायची, पट्टा सांध्याभोवती आवळला जायचा आणि सांधा धरून ठेवायचा. कल्पना बरी होती. पण पहिल्या पट्ट्यानं पंधरवड्यातच मान टाकली. त्यानं तो बाहेर लटकवला आणि आत जाऊन बसला.

तो बसूनच राहिला. फाटकावरून ट्रक जायचे, तेही असे की खिळा काय, फाटक दिसलं तरी पुष्कळ. माणसं यायची ती कामापुरती, पत्ता विचारत. शेजारचा ओतकाम करणारा स्वतःच्या नळाचं पाणी स्वतःच्या भिंतीआड भरायचा. तो खोकला तर ऐकू यायचा, एवढीच त्याची खबर. पट्टेवाली मावशी नाल्याकाठी वर्षभर राहिली, गिऱ्हाईक तिथवर पोचेना, तेव्हा मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेली. जाताना निरोप घ्यायला आली नाही, कारण तिचा रस्ता दुसऱ्या बाजूनं होता. मग कातडं बाजारातून यायला लागलं, गुळगुळीत, कागदात गुंडाळलेलं. ते पोटाचं की पाठीचं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे.

तुम्ही म्हणाल, पाय होते ना, जायचं होतं की कुणाकडे तरी. म्हणायला काय जातं! एकदा तो निघालाही होता. घडी एक आरामखुर्ची करतोय आणि तिच्या बिजागरीनं त्याच्या नाकी नऊ आणलेत, असं टेम्पोवाल्याच्या तोंडून त्याच्या कानावर आलं होतं. बिजागरी म्हटल्यावर याचे कान टवकारले. दुपारी जेवण झाल्यावर त्यानं टोपी घातली, आणि मग, हे सांगताना मला हसावं की रडावं कळत नाही, त्यानं हातात रिकामी बादली घेतली. स्वतःच्या शेडमध्ये नळ धो धो वाहत असताना हा म्हातारा रिकामी बादली घेऊन भर उन्हात मोठा रस्ता ओलांडून गेला. घडीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला. लांबून फाटक दिसलं. फाटकावर काहीतरी लटकत होतं आणि उन्हात चमकत होतं. तिथेच तो थांबला. घडी बाहेर आला आणि म्हणाला, इकडे कुठे, तर काय सांगायचं? इथे नळ कुठे होता? इथून कुठेच जायचं नव्हतं. या वाटेनं घडीच्या फाटकापर्यंतच जाता येत होतं. उभ्या जन्मात त्यानं जे केलं नव्हतं ते या वयात करायचं, आणि खिळेचोर म्हणवून घ्यायचं? तो मागे वळला. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, बादली घेऊन कुठे गेला होतात? तो म्हणाला, असाच, पाय मोकळे करायला. ती म्हणाली, "बादलीचेही झाले का?"

इकडे नगररचनेच्या बाईंच्या मनात पाल चुकचुकायला लागली. वसाहत स्वच्छ, धूर नाही, भांडण नाही, पण कुणी नवीन काही काढत नाही. जुन्याच वस्तू जुन्याच पद्धतीनं होतायत आणि त्याही कमी कमी. बाई हुशार होत्या. माणसं एकमेकांना भेटत नाहीत हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्यांनी मधोमध एक सभागृह बांधलं. पंखे, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. महिन्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं आणि अनुभवांची देवाणघेवाण करायची. झालं काय, की सभागृहात जायचं म्हणून सगळे धुतलेले शर्ट घालून आले. धुतलेल्या शर्टात मोडका तुकडा कोण घेऊन येतो? एकेक जण उठायचा आणि आपलं उत्तम चाललंय असं सांगून बसायचा. टाळ्या व्हायच्या. बाई प्रत्येकाचं नाव घेऊन कौतुक करायच्या, आणि चेहरा पाडून घरी जायच्या.

अशाच एका सभेत गुडघेवाला आणि घडी शेजारी शेजारी बसले होते. इतके जवळ, की कोपराला कोपर लागत होतं.

"काय, गुडघे कसे?" घडीनं विचारलं.

"झकास. तुझ्या खुर्च्या?"

"एकदम झकास."

मग दोघांनी पंख्याकडे बघितलं. पंखा चांगला आहे, यावर दोघांचं एकमत झालं. चहा झाला आणि एक इकडे गेला, एक तिकडे गेला.

त्यानंतर गुडघेवाल्यानं सभा सोडल्या आणि पट्ट्यालाच हात घातला. पट्टा रुंद केला, दुहेरी केला, दांडीचा जोर वाढवला. शेडच्या मधोमध त्यानं लाकडी जिना उभा केला. वर काही नव्हतं. चार पावलं चढायचं, पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकायचं आणि उतरायचं. सुट्टीच्या दिवशी लेक नवा पाय बांधून तो जिना चढे आणि उतरे. सरळ. एक हात बापाच्या खांद्यावर, मग नुसतं बोट, मग तेही नाही. ज्या दिवशी ती हात सोडून उतरली त्या दिवशी तळाशी उभं राहून ती एवढी हसली, की भिंतीपलीकडचा ओतकाम करणारा खोकायचा थांबला. उन्हाळाभर त्यांनी तो पाय पारखला. एकदाही दगा दिला नाही. जुना झालेला एक पट्टा काढून बदलला, तेव्हा तो आतल्या बाजूनं आरशासारखा चकाकत होता. गुडघेवाल्याला वाटलं, घासून घासून छान बसलाय. तरीही सवयीनं त्यानं तो फाटकावर टांगला.

पट्टेवाली मावशी त्या वाटेनं गेली असती तर बादली खाली न ठेवता म्हणाली असती, की चकाकलेलं कातडं ओल्या हवेत साबणासारखं निसटतं, इथे कातडंच नको. एवढं एक वाक्य. तो पट्टा फाटकावर हलत राहिला आणि पुढच्या गुडघ्यात तसाच दुसरा पट्टा बसला.

हवा बदलली, दमट झाली. लेक नवा पाय घालून शाळेत जायला लागली होती, पण जिना अजून उलटीच उतरायची. बापानं तशी शपथच घातली होती, आणखी थोडे दिवस थांब म्हणून. त्या दिवशी शाळेत कठड्याला रंग दिला होता. हिरवा, ओला. हात लावू नका म्हणून दोरी बांधलेली. शाळा सुटली, मुलं उतरून गेली. कठडा धरता येत नाही म्हटल्यावर उलटं उतरणं शक्यच नव्हतं. शिपायाला हाक मारता आली असती. रंग हाताला लागला असता तर धुतला असता. पण वरच्या पायरीवर उभं राहून तिनं काय विचार केला ते तिनंच नंतर सांगितलं. तिला वाटलं, बाबांनी केलाय की. मग भ्यायचं कशाला?

दोन पायऱ्या ती सरळ उतरली. तिसरीवर पट्टा निसटला.

तिचा उजवा, धड पाय अंगाखाली सापडला आणि खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी जोडायचं तेवढं जोडलं. मग गुडघेवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी सांगितलं, की दुखणं कमी होईल, पण हा पाय यापुढे अंगाचा भार घेणार नाही. आणि हा उभा राहणार नाही तर दुसऱ्या पायात कसलाही गुडघा बसवून उपयोग नाही. त्यांनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते ऐकूच आलं नाही. लेक चाकाच्या खुर्चीत घरी आली. शाळेनं तिची जागा भरली. वर्ग वरच्या मजल्यावर होता, खाली आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिनं बापाला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट म्हणाली, "बरं झालं, जिन्याची कटकट मिटली." त्या दिवशी त्यानं शेडमधला जिना मोडून जळणाला टाकला.

वर्ष गेलं. मग एक दिवस टेम्पोवाला घडीचा निरोप घेऊन आला: शेड सोडतोय, भावाकडे राहायला चाललोय, तुकडा आवळून धरायचा वाइस विकायचा आहे, हवा असेल तर बघून जा. आता हे बोलावणं होतं. बोलावल्यावर जायला कसली चोरी? गुडघेवाला निघाला. या खेपेला बादली घेतली नाही.

फाटक अर्धं उघडं होतं. चौकटीवर खिळा होता, आणि खिळ्याला गंजलेल्या तारेत एक बिजागरी टांगलेली होती. तीच, लांबून चमकलेली. आता तिच्यावर गंज चढला होता. सवयीनं त्यानं जाता जाता नजर टाकली, आणि पुढे जाता आलं नाही. गल्लीचा नियम मोडून तो त्या खिळ्यापाशी थांबला.

आस सरळ भोकात नव्हती, तिरप्या खाचेत होती. खाचेच्या तळाला एक छोटी पाचर. त्यानं बिजागरी काढून हातावर घेतली, खाली टेकवली आणि तळव्यानं दाबली. आस घसरून पाचरीवर रुतली. बिजागरी जागच्या जागी घट्ट. त्यानं दाब वाढवला, तशी ती आणखी घट्ट झाली. हात उचलला. बिजागरी सुटली आणि मोकळी हलायला लागली. ना कातडं, ना पट्टा, ना चकाकणं, ना निसटणं. ऊन असो, ओल असो. त्यानं पुन्हा दाबली. पुन्हा सोडली.

"ती कसली घेतोस?" घडी आतून बाहेर आला होता. "वाइस आत आहे. ते भंगार आहे."

"काय आहे हे?"

"आरामखुर्ची करत होतो ना. नतद्रष्ट बिजागरी. माणूस बसला की अडून बसते, पाठ मागे जाईच ना. उठला की लोण्यासारखी फिरते. रिकाम्या खुर्चीला आराम आणि बसणाऱ्याला शिक्षा! पुष्कळ डोकं फोडलं, मग नाद सोडला." आणि मग घडीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. घडी काही मूर्ख नव्हता. नळावर जाता येता त्यानं गल्लीतल्या त्या दारावर दुमडणारे गुडघे वर्षानुवर्षं लटकलेले पाहिले होते. त्याची नजर बिजागरीवर गेली, परत याच्याकडे आली, आणि तो तिथेच फाटकाला टेकला. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "इथे आलो तेव्हापासून टांगलीय ती. तू एकदाही कसा रे गेला नाहीस इथून?"

"तू तरी माझ्या दारावरून कुठे गेलास?" गुडघेवाला म्हणाला.

"सभेत बसलो होतो आपण शेजारी."

"हो."

घडीनं वाइस फुकट देऊ केला. गुडघेवाल्यानं तो घेतला नाही. बिजागरी घेतली.

परत येताना त्याला वाटत होतं, की मोठा रस्ता संपूच नये. पण तो अंतरानं एवढासाच होता. तरण्या माणसानं एक गाणं गुणगुणत ओलांडावा एवढा.

लेक खिडकीशी बसून शेजारच्या मुलांची चित्रं तपासत होती. त्यानं बिजागरी तिच्या मांडीवर ठेवली. गुडघ्यांच्या घरात वाढलेली ती. तिनं ती उलटसुलट केली, खुर्चीच्या हातावर टेकवली आणि तळव्यानं दाबली. घट्ट. सोडली. मोकळी. पुन्हा दाबली, आणि या खेपेला अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकून तशीच झुकून राहिली. बिजागरी हलली नाही.

"कुणी केली?" तिनं विचारलं.

"घडीनं. आरामखुर्चीसाठी. फसलेली आहे."

"कुठे होती?"

"त्याच्या फाटकावर."

"कधीपासून?"

त्याला वाटलं खोटं सांगावं. कालपरवा केली म्हणावं. पण उभ्या आयुष्यात तो कामाबद्दल तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि आता सुरुवात करायचंही बळ नव्हतं. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "इथे आल्यापासून."

तिनं ओरडावं, ती वस्तू त्याच्या अंगावर फेकावी, असं त्याला मनापासून वाटत होतं; तेवढं झालं असतं तरी त्याला रात्री झोप लागली असती. तिनं ती पुसली आणि त्याच्या हातात परत दिली.

"वाटेत नव्हती ना," ती म्हणाली, आणि पुढचं चित्र घेतलं.

ती तिच्या कामी नाही आली तर निदान दुसऱ्या कुणाच्या तरी येईल, असा विचार त्यानंही करून पाहिला. पण खाच ओतायला ओतकाम करणारा हवा होता. त्याच्या भिंतीआडचा खोकला थांबून महिने झाले होते आणि फाटकाला कुलूप होतं. मांडीच्या पट्ट्याला मावशी हवी होती, घासून नीट करायला घडी. एकट्याच्या हातून होणारं काम ते कधीच नव्हतं. त्यानं बिजागरी आपल्या खिळ्यावर टांगून ठेवली, चकाकलेल्या पट्ट्याशेजारी. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी लेकीची खुर्ची ढकलत तो तिला बाहेर नेत होता. खुर्ची फाटकातून निघाली तेव्हा तिनं हातानं कपाळ चोळलं.

"बाबा, तेवढं ते काढून ठेवा," ती म्हणाली. "येता-जाता डोक्याला लागतं माझ्या."

त्या फाटकावरून येणारं-जाणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिला रस्त्याच्या कडेला सावलीत उभं करून तो आत गेला, पक्कड घेऊन आला आणि त्यानं बिजागरी काढली, पट्टा काढला, मग खिळाही उपटला. खिळा घट्ट बसला होता, त्याला थोडा वेळ लागला.